वेळेत आलेली पानं

फोर्ट वेन, इंडियाना
रविवार, ११ मार्च १९७९

प्रिय व्हर्ना,

पाकिटावर मी मुद्दामच माझं नाव घातलं नाही. नाव वाचून तू ते तसंच टोपलीत टाकलं असतंस, आणि त्यात तुझी काही चूकही नसती. पण हे पत्र तू शेवटपर्यंत वाचायला हवंस. माझ्यासाठी नको, माझी तेवढी लायकी नाही. सकाळपासून चार कागद फाडलेत. आयलीन दोनदा दारातून डोकावून गेली आणि दुसऱ्यांदा म्हणाली, "सोळा वर्षांत जे शब्द सापडले नाहीत, ते आज दुपारपर्यंत सापडणार आहेत का? जसं झालं तसं लिही आणि टपालात टाक." तिला सगळं मागच्याच आठवड्यात सांगितलं. ऐकून घेतलं, आणि दोन दिवस माझ्या ताटात वाढलं पण समोर बसली नाही.

मी अजून त्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. पोरं तीच, फक्त केस लांब झालेत. तळघरात सायक्लोस्टाइलचं यंत्र अजून आहे आणि विज्ञानकथावाल्यांचं आपलं मंडळही अजून चालू आहे, हे ऐकून तुला हसू येईल. तीस होतो, आता बावीस उरलोत. जुन्यांपैकी सहा. निम्मे लोक आता कचेरीतल्या झेरॉक्सवर चोरून पानं काढतात, त्यामुळे बोटांना शाई लागत नाही आणि स्टेन्सिलवरची चूक पुसायच्या त्या लाल रंगाच्या वासाने डोकंही दुखत नाही. आयलीन लग्न होऊन आली तेव्हा तिला या मंडळाचा अर्थच लागेना. "म्हणजे तीस माणसं घरोघरी आपापली चार पानं छापणार, प्रत्येकी तीस प्रती, त्या सगळ्या तुझ्याकडे पाठवणार. तू त्यांचे तीस गठ्ठे बांधणार आणि त्याच तीस जणांना परत पाठवणार. आणि वाचणार कोण? तेच तीस!" मी म्हटलं, "बरोबर." ती म्हणाली, "मग सगळे एका खोलीत बसून गप्पा का मारत नाही?" मी म्हटलं, "कारण एक जण ऑरेगनमध्ये आहे आणि एक जॉर्जियात." तुझं नाव मी घेतलं नाही. तुला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायलाच किती वेळ लागायचा, ते मला तेव्हा माहीत होतं.

तुझी पानं मी सगळ्यांत आधी वाचायचो, हे तुला कधी सांगितलं नाही. गठ्ठे लावायच्या आधीच, एक प्रत बाजूला काढून, उभ्या उभ्या. संपादकाला तेवढाच काय तो फायदा. फेब्रुवारीत कुणी काही लिहावं, मे महिन्यात तू त्याची फिरकी घ्यावीस, आणि ऑगस्टमध्ये त्याने हात जोडावेत. एका विनोदाला सहा महिने लागायचे, पण आम्ही सगळे त्यासाठी दारातल्या टपालपेटीकडे डोळे लावून बसायचो. पोलिओने तुझे पाय अधू केले होते आणि उजवा हात नेला होता, त्यामुळे तू डाव्या हाताने टाइप करायचीस आणि यंत्राचं हँडल तुझे वडील फिरवायचे. शेवटच्या पानाच्या तळाशी तू न चुकता छापायचीस, 'हा अंक पपांनी फिरवला.' एकदा त्याखाली आणखी एक ओळ होती: 'पपा म्हणतात, एवढा हात चालवला असता तर दोन गाई दोहून झाल्या असत्या.' ती ओळ आम्ही सगळ्यांनी वर्षभर एकमेकांना ऐकवली.

तुझ्या वडिलांना मी एकदाच पाहिलं, तुलाही एकदाच. शिकागोचं संमेलन, बासष्टचा सप्टेंबर. साउथ डकोटापासून सहाशे मैल त्यांनी तुला शेतमालाच्या ट्रकमधून आणलं आणि दोन दिवस हॉटेलच्या दिवाणखान्यात टोपी गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. एकाही व्याख्यानाला आले नाहीत. तुला घेऊन आम्ही आठ-दहा जण हसत खिदळत जेवायला निघालो तेव्हा त्यांनी मला बाजूला बोलावलं. मला वाटलं, तिला जपून न्या वगैरे सांगतील. ते म्हणाले, "म्हणजे ही माणसं खरी आहेत तर." मी गोंधळलो. ते म्हणाले, "मला वाटायचं, तीच लिहिते आणि तीच स्वतःला उत्तरं धाडते. बाईमाणूस एकटं पडलं की असं करतं. पण खरी आहेत. बरं झालं." आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. हे मी तुला तेव्हा सांगायला हवं होतं. त्या दिवशी सांगायला हव्या होत्या अशा दोन गोष्टी होत्या, आणि दोन्ही मी गिळल्या.

दुसरी अशी. जेवताना तू माझ्या शेजारी होतीस. मांस कापायला तुला त्रास होत होता म्हणून मी तुझं ताट ओढून घेतलं, तेव्हा तू म्हणालीस, "कापून दे, पण खाऊ नकोस हं, तुझा भरवसा नाही." सगळे हसले. मग तू म्हणालीस, "यंदा हिवाळ्यात मी ती गोष्ट लिहिणार आहे, डेल्बर्ट. ती झोपलेल्या गावाची. तुला पत्रातून कळवली होती ती." मी कॉफी ढवळत राहिलो. ढवळायला त्यात साखरही नव्हती. कारण ती गोष्ट मी जूनमध्येच लिहून एका मासिकाला विकली होती.

तुझं ते पत्र एकसष्टच्या ऑक्टोबरमधलं. चाळीस वर्षांचा हिवाळा असलेला ग्रह, सगळं गाव झोपतं, आणि शेगड्या सांभाळायला एकालाच जागं ठेवतात. गावकरी एका पांगळ्या मुलीला निवडतात, कारण ती उठून कुठे जाणार नाही. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घड्या फाटल्या. आधी म्हटलं, नुसतं टिपण काढून ठेवू. मग म्हटलं, लिहून बघू, तिलाच पाठवू. लिहून झाल्यावर वाटलं, एवढं चांगलं मी आयुष्यात लिहिलेलं नाही, आणि लिहिणारही नाही. मुलीच्या जागी मी एक धट्टाकट्टा खाणकामगार घातला, म्हणजे गोष्ट माझी झाली असं मनाला पटवलं. त्रेसष्टच्या फेब्रुवारीत कथा छापून आली. मंडळातून अभिनंदनाची इतकी पत्रं आली की आयलीनने ती स्वयंपाकघरात दोरीला लावली. त्यात तुझं नव्हतं. तू तेव्हा मिनिआपोलिसच्या इस्पितळात होतीस, पाठीचं ऑपरेशन झालं होतं. खरं सांगतो, व्हर्ना, तू आजारी आहेस हे कळल्यावर मला आधी हायसं वाटलं. दुःख त्यानंतर झालं.

ऑपरेशनमुळे तुझे दोन अंक चुकले होते. वर्षाला आठ पानं आलीच पाहिजेत, नाहीतर नाव कमी, हा नियम तुला ठाऊकच होता. मे महिन्याचा गठ्ठा ही तुझी शेवटची संधी होती. मुदत अकरा तारखेची. तुझं पुडकं सात तारखेला आलं, मंगळवारी. शाळेतून आलो तर पायरीवर होतं. पिवळ्या कागदाची दहा पानं, तीस प्रती, वरच्या कागदावर तुझ्या वडिलांचं मोठं, सुतारी अक्षर. नेहमीसारखी मी एक प्रत काढली आणि उभ्या उभ्या वाचायला लागलो. पहिलंच वाक्य होतं: 'डेल्बर्टची कथा इस्पितळात वाचली. त्यातल्या शेगड्या माझ्या ओळखीच्या निघाल्या.'

त्याच्या पुढे मी वाचलं नाही. ही तीस माणसं म्हणजे माझी सगळी अब्रू होती. गावात मी एक रसायनशास्त्राचा मास्तर. या तीस जणांत मात्र मी लेखक. मी प्रत परत पुडक्यात घातली, पुडकं तळघरात नेलं आणि शाईच्या रिकाम्या डब्यांमागे ठेवलं. तेव्हा मनात एवढंच होतं की उद्या सकाळी शांतपणे वाचू. उद्या वाचलं नाही. परवाही नाही. रविवारी जेवणाच्या टेबलाभोवती गोल फिरत मी तुझ्यावाचून गठ्ठे लावले आणि सभासदांच्या यादीत तुझ्या नावापुढे लिहिलं, 'पाने आली नाहीत. नियमानुसार नाव कमी.' अक्षर बघ हवं तर. अजिबात थरथरलेलं नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा कबूल करायची पहिली संधी होती. 'पपांनी स्वतः पोस्टात टाकलंय, तीन तारखेला. नीट शोधशील का?' मी उत्तर लिहिलं. त्यातली वाक्यं मला पाठ आहेत, कारण ती मी फार काळजी घेऊन रचली होती. 'इथे काही पोचलेलं नाही. तुमच्या पोस्टात विचार, आणि घरीही खात्री करून घे. प्रतीक्षायादीत तुझं नाव शेवटी घालू शकतो, दोनेक वर्षं लागतील.' घरीही खात्री करून घे! हे चार शब्द का लिहिले, मला खरंच माहीत नाही. संशय माझ्या दारापासून जितका लांब जाईल तितका बरा, एवढंच असणार. त्यावर तुझं कार्ड आलं, एका ओळीचं: 'शोधू नकोस. कुणी काय केलं ते मला कळलंय.' त्यानंतर तुझा शब्द नाही.

मी समजलो, तुला माझंच कळलंय. सोळा वर्षं मी असंच समजत आलो. तू मनाने मोठी आहेस, म्हणून चारचौघांत बोलली नाहीस, असं मानलं. प्रत्येक गठ्ठा आला की वाटायचं, आता कुणीतरी लिहील, व्हर्नाने मला सगळं सांगितलंय. कुणी लिहिलं नाही. मासिकांनी माझ्या पुढच्या अकरा कथा परत पाठवल्या आणि मग मी लिहिणं सोडलं. ते ठीकच झालं.

आणि तुझी पानं मी वाचली. हे सगळ्यांत वाईट आहे, म्हणून टाळत होतो. त्याच वर्षी, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, तळघराच्या पायरीवर बसून दहाच्या दहा पानं वाचली. तू लिहिलं होतंस की शेगड्या माझ्या, पण चूल पेटवली त्याने, आणि मी बिछान्यात पडून होते तेव्हा निदान गोष्ट तरी चालून आली. लिहिलं होतंस की फक्त एक तक्रार आहे: खाणकामगार चाळीस वर्षं एका जागी बसेल यावर कोंबडीसुद्धा विश्वास ठेवणार नाही, म्हणून शेवट फसलाय, बसायचं कसं ते ज्याला माहीत आहे त्याला विचारावं. आणि शेवटी, 'डेल्बर्ट, पुढची आपण दोघं मिळून लिहू. तू पाय हो, मी बूड होते.' मी हसलो, व्हर्ना. त्या पायरीवर बसून मोठ्याने हसलो, आणि मग उठताच येईना. त्या दिवशीसुद्धा लिहिता आलं असतं की डब्यांमागे सापडली. तुला परत घेता आलं असतं, कुणी हरकत घेतली नसती. पण तुला सगळं कळलंय हे मी धरून चाललो होतो, आणि क्षमा मागायची तर आधी खोटं बोललो हे कबूल करावं लागणार होतं. मी पुडकं पुन्हा बांधलं.

आता मागच्या आठवड्याचं सांगतो. लुएला स्ट्राउड तुला सू फॉल्समध्ये भेटून गेली, ते तिने या वेळच्या पानांत लिहिलंय. लुएलाचं तुला माहीत आहे, तिला पोटात ठेवता येत नाही. तू वर्तमानपत्रात मुद्रितं तपासतेस, एकटी राहतेस, घरात एक आंधळं मांजर आहे, सगळं लिहिलंय. तिने तुला विचारलं, "कथा लिहितेस की नाही?" तू म्हणालीस, "माझ्या कथा आमच्या घरच्या भट्टीत जळल्या." मग तू तिला सांगितलंस की वडिलांना ती कागदी माणसं आवडत नव्हती. ऑपरेशननंतर तू चालायचा सराव सोडून टाइप करत बसायचीस, म्हणून भांडण झालं होतं आणि ते म्हणाले होते, "एक दिवस हे सगळं भट्टीत घालीन." पुडकं पोचलं नाही म्हटल्यावर तू त्यांना विचारलंस. ते म्हणाले, टाकलं. तू पुन्हा विचारलंस, तर काही न बोलता बाहेर गेले. त्या शरदात तू घर सोडलंस आणि तेव्हापासून त्यांच्याशी एक शब्द बोलली नाहीस. हे मी टेबलापाशी उभ्या उभ्या वाचलं. त्या कार्डावरचा 'कुणी' म्हणजे मी नव्हतो. आयलीनने येऊन विचारलं, "कोण गेलं?" इतका माझा चेहरा उतरला असावा.

मी संपादकपद सोडलंय. पुढच्या गठ्ठ्यासाठी माझी दोन पानं छापून झालीत. त्यात कथा कुणाची आणि पानं कुणी लपवली हे नावानिशी आहे. तुझ्या तीसही प्रती उद्या पार्सलने निघतील. आणि या पत्रासोबत पुडक्याचा वरचा कागद जोडलाय. टपालाचा शिक्का बघ: हॅल्व्हर, साउथ डकोटा, ३ मे १९६३. पण या कुठल्याही कारणासाठी मी लिहायला बसलेलो नाही. काल सकाळी चौकशीकडून नंबर घेऊन मी हॅल्व्हरला फोन लावला. लुएलाने ते आहेत की नाहीत हे लिहिलं नव्हतं, आणि मनातून, देव क्षमा करो, ते नसावेत असंही एकदा वाटून गेलं. त्यांनीच उचलला. मी नाव सांगितलं, मग सगळं सांगितलं, कुठेही न थांबता. मग ते म्हणाले, "शुक्रवार होता. पोस्टातल्या बाईने वजन केलं, माझ्यासमोर शिक्का मारला. मी पोरीला सांगितलं तसं." मी विचारलं, पुन्हा का नाही सांगितलं? म्हणाले, "खरं किती वेळा सांगायचं असतं?" मी माफी मागायला लागलो, तर मध्येच तोडून म्हणाले, "तिला सांगितलंस?" मी म्हटलं, नाही, आधी तुम्हाला... "मग माझ्याशी काय बोलत बसलायस?" आणि ठेवला. म्हणून हे पत्र, व्हर्ना. मला उत्तर देऊ नकोस, शिव्यासुद्धा नंतर घाल. ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत आणि त्याच घरात आहेत. आधी त्यांना फोन कर, आणि तो भरपूर वेळ वाजू दे. खुर्चीतून उठून यायला त्यांना वेळ लागतो.

तुझा म्हणवून घ्यायचा हक्क गमावलेला,
डेल्बर्ट